केसरचा वाटा

त्या वर्षी पौषात आमचं जाळं गेलं. खाडीच्या तोंडाशी लावलं होतं. भरतीबरोबर कुठलंसं अख्खं झाड वाहत आलं आणि अर्धं जाळं ओढून घेऊन गेलं. उरलेलं अर्धं माझ्या बापाने, भिकूने, वाळूत पसरलं आणि त्याच्याकडे बघत तो दिवसभर बसला. होडी तांडेलाची, जाळं आमचं, असा आमचा कारभार होता. आता जाळ्याचा वाटा बंद, नुसता माणसाचा वाटा हातात यायचा. त्यात तीन पोटं भरायची आणि वर सूत आणायचं. संध्याकाळी आई म्हणाली, "बघून काय व्हनार हाय? सुई घ्या हातात." तेवढंच. रडारड आमच्या घरात कधी नव्हती. वेळ कुणाला होता?

मी तेव्हा आठवीत. कोळीवाड्यातून आठवीपर्यंत गेलेली मी एकटीच पोर, आणि तेही डोक्यामुळे नाही, पायांमुळे. बोंबलाची जात नाजूक. ऊन चढलं की त्याचं पाणी होतं. बंदरापासून चौलचा बाजार तीन मैल, आणि जिची पाटी आधी पोचेल तिला भाव. म्हणून आमच्या बाया चालत नाहीत, धावतात. नऊ वर्षांची असल्यापासून मी आईच्या मागून धावत होते. पाटी डोक्यावर असली की मान हलवायची नाही, हात फेकायचे नाहीत, तोंड मिटून श्वास घ्यायचा. शाळेत ड्रिलमास्तरांनी पाटीशिवाय धावायला लावलं तेव्हा मला डोकं उघडं पडल्यासारखं वाटलं. अलिबागला जिल्ह्याच्या शर्यतीत मी चारशे मीटर अनवाणी धावले आणि मागे वळून बघितलं तर बाकीच्या पोरी अजून वळणावरच होत्या. माझंच काहीतरी चुकलं असं वाटून मी उभी राहिले. मास्तर कडेने ओरडत होते, "अगं दोरीला छाती लाव, दोरीला!"

मास्तरांनी फी माफ करून घेतली ती त्यानंतर. आणि माघ लागता लागता ते आमच्या खळ्यावर आले. आई बोंबील वाळत घालत होती. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून काठीवर टांगायचे, असं ते काम. मास्तरांनी रुमाल नाकाशी नेला, मग त्यांना वाईट दिसेल असं वाटलं असावं, त्यांनी तो खिशात घातला.

"नीराबाई, केसरचं पुण्याला नाव लागलंय," ते म्हणाले. "राज्याची शर्यत. सगळ्या जिल्ह्यांच्या मुली येणार."

"बरं," आई म्हणाली. हात थांबला नाही.

"राहायची आणि जेवायची सोय तिकडे आहे. भाडं मात्र ज्याचं त्यानं करायचं. आणि मुलीबरोबर बाई माणूस पाहिजे. तसं पत्रच आलंय."

"तुमची मंडळी न्हाय येत?"

"ती बाळंतीण आहे."

"म्हंजी मलाच यावं लागंल. दोघींचं किती?"

"रेवसची लाँच, मग मुंबईहून गाडी. जाऊन येऊन पंचवीस रुपये धरा."

आईने काठीवरचा एक बोंबील सारखा केला. तो सारखाच होता. मास्तर गेले, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते सांगायला आमच्या घरात शब्द नव्हते. मी नुसती काठ्या उचलून देत राहिले.

घरात पैसा ठेवला तर तो सुतात जाणार हे आईला ठाऊक होतं. बापाला दोष नाही. उघडं जाळं दिसत असताना डब्यातल्या पैशाला हात न लावणारा कोळी मी अजून बघितला नाही. आईचाही हात गेलाच असता. म्हणून दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना, अर्ध्या वाटेवरच्या वडाखाली सगळ्या बाया पाट्या उतरवून घोटभर पाणी पितात, तिथं तिने विषय काढला.

आमच्याकडे प्रवासाला पैसा जमवायची एकच रीत होती. चैत्रात एकवीरेच्या जत्रेला कार्ल्याला जायचं असतं. त्यासाठी पौष सरला की प्रत्येक बाई रोज आपल्या पाटीतल्या मासळीचा एक वाटा बाजूला काढते. तो वाटा देवीचा. त्याचे जे येतील ते संध्याकाळी बाळाजी भगताच्या घरी, देव्हाऱ्यापुढच्या गाडग्यात टाकायचे. गाडग्याच्या तोंडावर हळद लावलेला नारळ. टाकताना असो की काढताना, तो फिरवून तोंड उघडायचं ते बाळाजीने, दुसऱ्या कुणी नाही. आणि पैसे बाहेर काढायचे ते निघायच्या आदल्या सांजेला, ओटी भरून. त्याच्या आधी कुणाचं घर जळत असलं तरी नाही.

"औंदा दोन वाटं काढा," आई म्हणाली. "येक देवीचा, येक माझ्या केसरचा. पंधरा दिवस फकस्त."

सोनूबाई आमच्यात सगळ्यात तोंडाळ. तिने पानाची पिंक टाकली.

"ऐका गो! देवी डोंगरावर बसली, आनि हिची केसर तिच्या मांडीवर!"

सगळ्या हसल्या. आईसुद्धा हसली.

"पुन्याला जाऊन काय करनार गो तू?" सोनूबाईने मला विचारलं.

"धावणार."

"मग हितं काय करतंस? धावतेसच की. तितं धावल्यावर मासळी कोन घेनार?"

पुन्हा हसणं झालं. पण पाट्या उचलताना पहिला वाटा सोनूबाईनेच काढला. चार बोंबील आणि मूठभर कोळंबी केळीच्या पानावर ठेवून म्हणाली, "ह्यो केसरचा. आनि पोरी, हरलीस तर तोंड नको दाखवूस, चार बोंबलांचं नुस्कान हाय माझं."

बाळाजी भगत कोरडा माणूस. पन्नाशीचा, बायको गेलेली, घरात तो आणि त्याची म्हातारी आई, गोदूबाई. म्हातारीला दिसत नव्हतं, पण ऐकू चांगलं यायचं. आई त्याला विचारायला गेली तेव्हा तो म्हणाला, "गाडगं येकच हाय. दुसरं मांडनार न्हाय मी." मग, "पोरीचं पैसं तांबड्या फडक्यात बांधून टाका. मंग मिसळनार न्हायत." आतून गोदूबाई ओरडली, "पोर खरंच धावती काय रं?" बाळाजी म्हणाला, "धावती." "मंग जाऊ दे तिला," म्हातारी म्हणाली.

पंधरा दिवस चौदा बायांनी माझा वाटा काढला. मी पहाटे पाटी घेऊन धावायची, मग शाळा, मग मास्तर पटांगणावर चुन्याची रेघ आखून मला पळवायचे. संध्याकाळी बापाबरोबर जाळं विणायची. बापाने एकदाच विचारलं, "पुन्याला समुद्र हाय?" मी म्हटलं नाही. "मंग वारं कसं कळतं तितं?" तो म्हणाला.

पंधराव्या दिवशी आईने पैसे टाकले आणि घरी येऊन म्हणाली, "झालं गो बाय." एवढं बोलताना तिचा आवाज जरा वर गेला. तिने ट्रंकेतलं लग्नातलं लुगडं काढून उन्हाला टाकलं. मी पायांना खोबरेल चोळून निजले.

सकाळी गोदूबाई गेली. काही झालं नव्हतं तिला. पेज मागितली, बाळाजी पेज घेऊन येईपर्यंत संपली होती. नव्वद वर्षांची बाई. सगळे म्हणाले, सोनं झालं. त्या दिवशी होड्या गेल्या नाहीत. मीही लाकडं वाहायला गेले. तिरडी उचलली तेव्हा सोनूबाईने माझ्या आईकडे बघितलं आणि आईने सोनूबाईकडे, आणि मग मला कळलं.

भगताच्या घरात सुतक. सुतक म्हणजे बाळाजीने देवाला शिवायचं नाही, बारावं होईपर्यंत. आणि नारळ फिरवायचा तो बाळाजीनेच. मला निघायचं होतं सातव्या दिवशी पहाटे.

देवीचा दिवा मात्र विझू द्यायचा नसतो. सुतकात तो परक्या भावकीतल्या कुमारिकेने लावायचा अशी रीत. आमच्या वाड्यात तेव्हा बाळाजीच्या भावकीबाहेरची, जाणती आणि बिनलग्नाची पोर एकच होती. दुसऱ्या दिवशी सांजेला आईने मला तेलाची बुदली दिली. "जा," म्हणाली. "सांडू नको."

मी गेले. बाळाजी समोरच्या भिंतीला टेकून चटईवर बसला होता. मी वात केली, तेल घातलं, काडी ओढली. उजेड पडला तसा गाडग्याचा फुगीर भाग दिसला, आणि वर तो नारळ. माझ्या हातापासून एक वीत. आत तांबडं फडकं होतं. त्यात माझी लाँच, माझी गाडी, आईचं तिकीट, सगळं बांधून ठेवलेलं. मी नमस्कार केला आणि घरी आले.

असं रोज.

आईने होईल ते केलं. वडाखाली बायांना विचारलं, पण त्यांचं होतं नव्हतं ते गाडग्यात. शिवाय त्यातल्या अर्ध्या बाळाजीच्या भावकीतल्या, त्या सुतकात बाजाराला येतच नव्हत्या. मग ती जैबुन्निसाकडे गेली. चौलच्या मोहल्ल्यातली ही आमची कायमची गिऱ्हाईक. तिचा नवरा अलीमियाँ जहाजावर होता, पैसे पाठवायचा ते दोन-तीन महिन्यांनी. जैबुन्निसाने अंडी विकून ठेवलेले पैसे ओढणीच्या गाठीतून सोडले.

"येवढेच हायत बाई. बारा असतील. खुदा कसम, जास्ती असते तर देते."

बारात एकीचं भाडं होत होतं. आई ते घेऊन थेट शाळेत गेली, पाटीसकट. शिपायाने तिला पाटी बाहेर ठेवायला लावली. वास येतो म्हणाला. ती फाटकातूनच मास्तरांशी बोलली.

"येकीचं हाय. पोरीला घेऊन जावा तुमच्यासंगं."

"नीराबाई, मला नेता येत नाही हो. बाई नसली तर पहिल्या दिवशीच परत पाठवतील. नोकरीवर येईल माझ्या." मास्तरांनी फाटकाची सळई धरली होती. "माझ्याकडे असते तर दिले असते. पगार व्हायचाय. दोन मुलांचं अर्धं भाडं मीच भरतोय."

"दिले असते, असते," आई घरी येऊन म्हणाली. "सगळ्यांचंच असतं-असतं." दुसऱ्या दिवशी तिने बारा रुपये जैबुन्निसाला परत दिले.

सहाव्या दिवशी दुपारी बाप आत आला. हातात नव्या सुताचं बंडल. तांडेलाकडून उचल घेऊन परवाच आणलेलं. ते त्याने आईच्या पुढ्यात ठेवलं.

"विक," तो म्हणाला.

आईने बंडलाकडे बघितलं. "आनि जाळं?"

"बघू."

"काय बघू? फाल्गुनात मासळी लागंल तेव्हा हात हालवत बसनार? तांडेल दुसऱ्याचं जाळं घेईल. येकदा घेतलं की आपलं घेनार हाय का तो?"

"पोर जाऊन येईल."

"पोर जाऊन येईल आनि खाईल काय?"

बाप उभा होता. मी चुलीपाशी होते. दोघांनीही माझ्याकडे बघितलं नाही. बापाने बंडल उचललं, बाहेर गेला, आणि थोड्या वेळाने त्याच्या सुईचा आवाज यायला लागला. मला आईचा राग आला का? लोक विचारतात कधीकधी. आला असावा. पण तिचं बरोबर होतं हेही मला त्याच वेळी कळत होतं, आणि दोन्ही एकदम कळलं की माणूस राग तरी कुठं ठेवणार! मी तांदूळ निवडले.

त्या सांजेला मी दिवा लावायला गेले. मनात काही ठरवलं नव्हतं. वात केली, तेल घातलं. बाळाजी नेहमीसारखा चटईवर. दिवा लागला आणि मी उठले नाही. बसून राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. बाहेर कुणीतरी होडीला ठोकत होतं, ते ठोकणं थांबलं. मी हात पुढे केला आणि नारळावर ठेवला.

हळद वाळून नारळ गाडग्याला चिकटला होता. जरा पिळला असता तर सुटला असता. शेंडी माझ्या बोटांना लागत होती.

मी बाळाजीकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. ओरडेल असं वाटलं. तो चटईवरच सावकाश वळला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. पाठ माझ्याकडे. त्याचा एक खांदा हलला. मला वाटलं, आईच्या आठवणीने त्याला रडू येतंय आणि पोरीसमोर रडायचं नाही म्हणून त्याने तोंड फिरवलं. मला माझी लाज वाटली. त्याच्या घरातलं माणूस गेलंय आणि मी इथं नारळ धरून बसलेय. मी हात काढून घेतला, बुदली उचलली आणि घरी आले.

पहाटे अलिबागची एस.टी. गेली. तिचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. मास्तर आणि गोळाफेकीची दोन पोरं त्यात होती. आई जागी होती, मीही. ती म्हणाली, "बोंबील लई आलाय आज. लवकर निघू."

शर्यत रविवारी दहा वाजता होती. रविवारी बाजार मोठा. मी सगळ्यांच्या पुढं होते. सोनूबाई मागून ओरडत होती, "सावकाश गो मेले, आमाला मारतंस काय!" मला सावकाश जमत नव्हतं. वडाखाली मी थांबले नाही. दहाच्या सुमारास जैबुन्निसाच्या दारात पाटी उतरवली. तिने माझ्याकडे बघितलं, आत गेली, आणि साखर घातलेलं पाणी घेऊन आली.

"आज होती ना गो तुझी दौड?"

"व्हय."

"कधी?"

"आताच."

तिने त्या दिवशी भाव केला नाही. सगळे बोंबील घेतले. तिला एवढे कशाला हवे होते कोण जाणे.

बारावं झालं. बाळाजीने अंघोळ करून नारळ फिरवला आणि तांबडं फडकं आईच्या हातात दिलं. आई ते घेऊन बायांकडे गेली. ज्याचे त्याला परत द्यायचे म्हणाली. कुणी घेईना. सोनूबाई तर अंगावरच आली. "येकदा काढलेला वाटा पाटीत परत घालतात व्हय? आमाला काय भिकारडं समजतंस?" आई म्हणाली, मग ह्याचं करू काय? बापाला सूत घ्यायलाही ते चालणार नव्हते. गाडग्यातलं होतं ते. शेवटी बायांनीच ठरवलं. पैसा प्रवासाला काढलाय, प्रवासालाच जाऊ दे. नीराबाई दरवर्षी वाटा काढते, पण कधी जत्रेला आली नाही, पोरही आली नाही. औंदा दोघींनी यायचं.

शिमग्यानंतर मी शाळेत गेले नाही. नाव कुणी काढलं नाही, मीच गेले नाही. मास्तर एकदा बंदरावर भेटले. पुण्याला पहिली आलेली पोरगी कुठली होती ते सांगायला लागले. मग मध्येच थांबले आणि मासळी घेऊन गेले.

चैत्रात आम्ही निघालो. रेवसची लाँच, मग भाऊच्या धक्क्यावरून चालत बोरीबंदर, मग गाडी. मास्तरांनी सांगितला होता तोच रस्ता. आईने लग्नातलं लुगडं नेसलं होतं. घाटात बोगदा आला की बाया ओरडायच्या आणि हसायच्या. मी खिडकीत बसले होते. गाडी पळत होती आणि मी बसलेली, हे माझ्या अंगाला काही केल्या पटत नव्हतं.

मळवलीला आम्ही उतरलो. गाडी जरा वेळ उभी होती. डब्यात एक बाई पोराला भरवत होती. मी तिला विचारलं, "पुढं कुठं जाते?"

"पुण्याला. झालं की आता, दीड-दोन तास."

बाळाजी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपली, टोपलीत तोच नारळ. तोही गाडीकडे बघत होता.

"केसर," तो म्हणाला. "त्या सांजेला मी भित्तीकडं तोंड केलं व्हतं."

"व्हय. बघितलं मी."

"मंग?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही तो काय विचारतोय ते. "मला वाटलं, तू रडतोस."

"माझी आय नव्वद वर्सांची होऊन गेली," बाळाजी म्हणाला. "मी कशाला रडू गो? तुझा हात व्हता नारळावर."

गाडीने शिटी दिली. एकेक डबा माझ्यासमोरून सरकला, आधी हळू, मग भराभर. शेवटचा डबा गेला तसे पलीकडचे रूळ दिसायला लागले आणि त्यांच्यापलीकडे डोंगर. टोपली सावरून बाळाजी पायवाटेला लागला. पुढं ढोलकी सुरू झाली होती, सोनूबाईने गाणं धरलं होतं.

"उभी काय ऱ्हायलीस?" लांबून आई ओरडली. "पालखी पुढं गेली बघ! धाव!"

मी चालत गेले.